डोळ्याखालचा खळगा: भरलेले उतरवण्याची गोष्ट

भूमच्या बाजारपेठेत माझे चष्म्याचे छोटे दुकान आहे. तीस वर्षे मी लोकांच्या नाकावर फ्रेमी बसवतो आहे. या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. गिऱ्हाईक ‘चष्मा तिरका बसतो’ म्हणत येते, तेव्हा फ्रेम बहुधा सरळच असते. त्या माणसाचा एक कान वर आणि एक खाली असतो. काडी वाकवण्याआधी माणूस पाहावा लागतो. हे ठाऊक असूनही गेल्या दिवाळीत मी माझ्या पुतणीला नेमका उलटा सल्ला दिला. हा लेख त्या सल्ल्यातून निघाला.

पुतणी पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. लग्न ठरले होते. डोळे खोल गेलेत, थकलेली दिसतेस, असे जो तो सांगे. म्हणून घरी कुणाला न विचारता तिने डोळ्यांखाली फिलर भरून घेतले. सहा आठवड्यांनी सणाला गावी आली आणि सकाळच्या चहाला माझ्यासमोर बसून म्हणाली, “काका, खरं सांगा, डावी बाजू फुगल्यासारखी दिसते का हो?”

दिसत होती. उजवीपेक्षा डावी भरीव होती आणि खिडकीच्या उजेडात तिथे पुसट निळसर झाक होती. जिथे भरले तिथल्या लोकांचे म्हणणे होते की उजवीकडे अजून थोडे भरू, म्हणजे जुळेल. मीही म्हणालो, “मग घे की भरून. दोन्ही सारख्या झाल्या म्हणजे झालं.”

ती गेल्यावर मला चैन पडेना. मी डॉक्टर नाही, विज्ञानाची पदवीही अर्धवट राहिली. पण वैद्यकाच्या इतिहासाची पुस्तके जमवण्याचा नाद जुना आहे, आणि डोळा हा तर पोटापाण्याचाच विषय. पुढचे पंधरा दिवस मी दुकान बंद झाल्यावर हेच वाचत बसलो.

आधी ते भरतात काय, ते पाहू. बहुतेक फिलर हायल्युरॉनिक ॲसिडचे असते. ‘हायलॉस’ म्हणजे ग्रीकमध्ये काच. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा केला तो गाईच्या डोळ्यातून, बुबुळामागच्या काचेसारख्या रसातून. म्हणजे आज जे डोळ्याखाली टोचतात ते सापडले मुळात डोळ्याच्या आत. आपल्या शरीरात ते सर्वत्र असते: सांध्यांत, कातडीत, डोळ्यांत. सत्तर किलोच्या माणसात सगळे मिळून सुमारे १५ ग्रॅम, आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा रोज मोडतो व नव्याने बनतो. इतके अल्पायुषी द्रव्य टोचून उपयोग नसता. म्हणून कारखान्यात त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधून जेल करतात. हा जेल पाणी धरतो. सब्जा भिजवला की कसा फुगतो, तसे समजा. आणि जेलमध्येही मऊ-घट्ट असे प्रकार असतात. आमच्या भागातल्या खव्याच्या व्यापाऱ्याला हे सांगावे लागणार नाही. पेढ्याचा खवा गुलाबजामला चालत नाही.

आता जागा. पापणीखालची कातडी शरीरातल्या सर्वांत पातळ कातड्यांपैकी, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्याखाली डोळा मिटणारा गोल स्नायू, त्याखाली हाड. नाकाजवळून गालाकडे उतरणारी जी खोलगट रेघ वयाने किंवा वंशाने दिसते, तिथे हाडाला घट्ट धरून ठेवणारा बंध असतो. त्यामुळे भरलेले द्रव्य तिथे सहज पसरत नाही, बाजूला ढीग होतो. तिथला लसिकेचा निचराही मंद असतो. मुसळधार पावसात सखल वाफ्यात पाणी साचावे तसे ते साचते. या जागेसाठीच म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पहिले फिलर मंजूर केले ते २०२२ साली. त्याआधीची सगळी वर्षे डॉक्टर आपल्या जबाबदारीवर तिथे भरत होते.

म्हणून डोळ्याखालची असमानता हा एक आजार नाही, पाच-सहा वेगळ्या गोष्टींचे ते एकच नाव आहे. पहिल्या दोन आठवड्यांतली असमानता बहुधा सुईची सूज आणि रक्ताचा डाग असते. ती मोजूच नये. निळसर झाक म्हणजे जेल कातडीच्या फार जवळ बसले. जॉन टिंडलने एकोणिसाव्या शतकात दाखवले की बारीक कणांतून जाताना निळा प्रकाश जास्त विखुरतो. पातळ कातडीखालच्या जेलचे तेच होते. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी, पापड-लोणचे जास्त झालेल्या दिवसानंतर आणखी जास्त, अशी सूज असेल तर जेल पाणी ओढत आहे. बोटाला गाठ लागते ती वेगळी. महिन्यांनी लाल, गरम, दुखरी गाठ आली तर ती आणखी वेगळी. ती चोळायची नसते, डॉक्टरला दाखवायची असते. आणि टोचताना किंवा लगेच नंतर कातडी पांढरी पडली, तीव्र कळ आली, दिसण्यात फरक पडला, तर जेल रक्तवाहिनीत गेले असू शकते. तिथे प्रश्न दिवसांचा नसून मिनिटांचा असतो. दृष्टी कायमची गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

एक कारण आमच्या लोकांत फार आढळते: मुळात खळगा नसतोच, काळेपणा असतो. आरसा घेऊन समोरून टॉर्च मारून पाहा. सावली असेल तर जाते. रंग असेल तर राहतो. रंगावर जेल भरून काही होत नाही. मग ‘कमी पडले’ म्हणून आणखी भरतात.

या ‘आणखी भरण्या’चा इतिहास मोठा आहे. १८९३ साली गुस्ताव नॉयबर या जर्मन शल्यचिकित्सकाने दंडातली चरबी काढून डोळ्याच्या खोबणीजवळचा व्रणाचा खड्डा भरला. १८९९ मध्ये व्हिएन्नात रोबर्ट गेरझुनीने व्हॅसलीन टोचले आणि मग युरोपभर नाके, गाल, सुरकुत्या मेणाने भरण्याची लाट आली. ग्लॅडिस डीकन, पुढे मार्लबरोची डचेस झालेली त्या काळची नावाजलेली सुंदरी, तिने नाकाची रेघ सरळ व्हावी म्हणून मेण टोचून घेतले. ते हळूहळू हनुवटीकडे सरकले. मेण विरघळवणारे काहीच नव्हते. कापून काढावे तर चेहराच फाटतो.

हायल्युरॉनिक ॲसिडचे वेगळेपण इथे आहे. त्याला उतारा आहे. १९२८ साली फ्रान्सिस्को दुरान-रेनाल्स या संशोधकाला दिसले की सशाच्या वृषणाचा अर्क मिसळला की लसीचा विषाणू कातडीत झपाट्याने पसरतो. त्या पसरवणाऱ्या घटकाचे रहस्य १९४० मध्ये उलगडले, आणि उलगडणाऱ्यांत पेनिसिलिनवाले अर्न्स्ट चेन होते. कातडीतले हायल्युरॉनिक ॲसिड कापणारे ते एन्झाइम, हायल्युरॉनिडेज.

हे वाचले आणि मी खुर्चीतच ताठ बसलो. ही कुपी मी पाहिलेली होती! मोतीबिंदूच्या शिबिरांना मदतीला जायचो तेव्हा डोळ्याची भूल नीट पसरावी म्हणून डॉक्टर त्यात हेच मिसळत. आणि दुसरी जागा तर आमच्या गल्लीतच आहे. गुटखा-सुपारीने ज्यांचे तोंड दोन बोटेसुद्धा उघडत नाही, अशा तरुणांच्या गालात आतून दातांचे डॉक्टर स्टेरॉइडसोबत हेच टोचतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी ते तरुण आहेतच. पुण्यातल्या आरशासमोरच्या मुलीचा आणि तालुक्यातल्या त्या पोराचा उतारा एकच असावा, हे मला अजून विचित्र वाटते.

उताऱ्याच्याही अटी आहेत. तो फक्त हायल्युरॉनिक ॲसिडवर चालतो. कॅल्शियमचे फिलर, चरबी, सिलिकॉन यांना तो काही करत नाही. म्हणून भरून घेताना सिरिंजच्या खोक्यावरचे नाव आणि बॅच नंबरचे स्टिकर मागून ठेवावे. गांधीलमाशी आणि मधमाशीच्या विषातही हे एन्झाइम असते. ज्याला त्यांचा डंख बाधतो त्याने आधी सांगितलेच पाहिजे. परिणाम तासांत सुरू होतो, एक-दोन दिवसांत बहुतेक दिसतो, पण सुईची सूज उतरेपर्यंत निकाल लावायचा नसतो. पुन्हा लागले तर दोनेक आठवड्यांनी. आणि ‘वर्षभरात आपोआप जाईल’ यावर फार विसंबू नये. एमआरआयमध्ये कित्येक वर्षांनीही जेल जागेवर सापडले आहे.

थांबण्यावरून मला आपल्याकडचीच एक गोष्ट आठवते. कावसजी नावाचा इंग्रजी फौजेतला बैल हाकणारा १७९२ च्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला; त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाच्या कातडीचे नवे नाक त्याला बसवले. इंग्रज डॉक्टर क्रूसो आणि फिंडले यांनी ते पाहिले आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते छापून आले. जगभर या वृत्तान्ताची चर्चा होते ती कपाळाच्या कातडीसाठी. माझे लक्ष दोन बारीक तपशिलांवर अडकले. त्या कारागिराने कातडीला हात लावण्याआधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले. आणि कपाळाशी जोडलेली कातडीची पट्टी कापली सुमारे पंचविसाव्या दिवशी. नाकाचा आकार सुधारण्याची उरलीसुरली कापाकापीही तेव्हाच, आधी नाही. त्या कारागिराचे नाव कुणी लिहून ठेवले नाही.

मी पुतणीला फोन केला. “थांब. उजवीकडे काही भरू नकोस. माझं चुकलं.” मग ती डोळ्यांच्या प्लास्टिक सर्जनकडे गेली. त्या बाईंनी पहिल्या भेटीत सुई काढलीच नाही. जुने फोटो मागितले. शाळेतल्या फोटोंतही डावा गाल उजव्यापेक्षा किंचित खाली होता, म्हणजे दोन्हीकडे सारखे भरले तरी सारखे दिसणारच नव्हते. त्यात डावीकडचे जेल वरच्या थरात बसलेले. मग त्यांनी दोन्हीकडचे उतरवले.

तिसऱ्या दिवशी रात्री तिचा फोन आला. रडत होती. “काका, आधीपेक्षा जास्त खोल दिसतंय.” ही तक्रार उतरवून घेणाऱ्या बऱ्याच जणी करतात. भरलेल्या चेहऱ्याची डोळ्याला सवय होते, हे एक कारण. काही काळ कातडी सैल वाटते, हे दुसरे. लग्नाला अडीच महिने होते. पुन्हा भरायचे का, हे सहा आठवड्यांनी ठरवू, असे त्या डॉक्टरांनी सांगितले होते. सहा आठवड्यांनी ती गेलीच नाही. हॉलची आगाऊ रक्कम, पत्रिका, खरेदी, यांत ते राहून गेले.

माघात लग्न झाले. लेन्स लावायचे ठरले होते, पण सकाळी डोळे चुरचुरले म्हणून तिने चष्मा घातला. अंतरपाट धरायच्या आधी मला हाक मारून म्हणाली, “काका, तिरका बसतोय बघा.” सातवीत असताना तिचा पहिला चष्मा मीच बसवला होता. डावी काडी नेहमीइतकीच, किंचित, वाकवून दिली.