एक पत्रा, सहा बिल्ले

ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ऑगस्ट १९६२मध्ये ‘मॉरिस ११००’ बाजारात आणली, तेव्हा ब्रिटनमधल्या घरगुती गाड्यांत तिच्या तोडीची गाडी शोधूनही सापडली नसती. आडवे बसवलेले इंजिन, जोर पुढच्या चाकांना, पुढे डिस्क ब्रेक. स्प्रिंगांऐवजी अ‍ॅलेक्स मोल्टन यांची हायड्रोलॅस्टिक यंत्रणा होती. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की नळीतला द्रव मागच्या चाकाकडे ढकलला जाई आणि गाडी पुढे-मागे फारशी डुलत नसे. रचना अ‍ॅलेक इसिगोनिस यांची, रूप इटलीच्या पिनिनफारिनाचे. याच गाडीला १९६५पर्यंत एम.जी., ऑस्टिन, व्हॅन्डन प्लास, रायली आणि वुल्झली अशी आणखी पाच नावे मिळाली. वुल्झलीच्या जाळीवरचा बिल्ला रात्री आतल्या दिव्याने उजळे; व्हॅन्डन प्लासमध्ये चामड्याच्या सीटा, अक्रोडाचे लाकूड आणि मागे बसणाऱ्यांसाठी घडीची टेबले. या प्रकाराला ग्राहकाची फसवणूक म्हणायची पद्धत आहे. ती फसवणूक नव्हती. कंपनीने घरातले भांडण मिटवण्याऐवजी त्यावर घातलेले ते पांघरूण होते.

ऑस्टिन आणि मॉरिसवाली नफिल्ड या हाडवैरी कंपन्या १९५२मध्ये एक झाल्या, पण दोघींचे विक्रेते वेगळेच राहिले. ऑस्टिनच्या दुकानांत ही गाडी यायला १९६३ उजाडले, यातच सगळे आले. त्याआधी १९५८-५९मध्येही ऑस्टिन केंब्रिज, मॉरिस ऑक्सफर्ड, एम.जी., रायली आणि वुल्झली अशा पाच नावांनी एकच गाडी विकली गेली होती. (आपली अ‍ॅम्बेसिडर त्याआधीच्या ऑक्सफर्डवरून आलेली, ती या गोतावळ्यात नाही.)

यावर कोणी म्हणेल, गाडी तर धडाधड खपली. खरेच आहे: एकूण वीस लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि साठच्या दशकातली बहुतेक वर्षे ब्रिटनमध्ये तीच सर्वाधिक खपाची होती. रूट्स कंपनीही हिलमन मिंक्सलाच सिंगर गॅझेल म्हणून विकत होती, मग दोष एकटीलाच का? मुद्दा खपाचा नाहीच. फोर्डने त्याच १९६२मध्ये साधीसुधी कॉर्टिना आणली, तिचे डीलक्स, सुपर, जी.टी. असे प्रकार केले, पण नाव आणि दुकान एकच ठेवले. ग्राहकाला पायऱ्या तिथेही मिळाल्या. शिवाय १९६६ आणि १९७० अशी दोनदा कॉर्टिना नव्या अंगाने आली. ११०० मात्र किरकोळ डागडुजीवर १९७४पर्यंत चालवली गेली. जाळ्या बदलणे स्वस्त होते, हे मान्य. पण त्या स्वस्ताईमुळेच कोणते नाव ठेवायचे आणि कोणते दुकान बंद करायचे, हा कटू निर्णय लांबत गेला. रायलीचे नाव पुसले गेले ते १९६९मध्ये, कंपनी ब्रिटिश लेलँडमध्ये विलीन झाल्यावर. ११००ची वारस म्हणून १९७३मध्ये ऑस्टिन अ‍ॅलेग्रो आली. पुढच्याच वर्षी तिलाही मोठी उभी जाळी लावून व्हॅन्डन प्लास १५०० करण्यात आले. १९७५मध्ये कंपनी सरकारने ताब्यात घेतली.