जोडलेलं आहे, पण चालत नाही!

गेल्या मे महिन्यात इंदूरला आत्याकडे गेलो होतो. आतेबहिणीची ऑनलाइन मुलाखत अर्ध्या तासावर आली होती आणि ती रडवेली होऊन जिन्यात उभी. "दादा, वायफाय जोडलेलं दिसतंय, पण आवाज सारखा तुटतोय!"

अशा वेळी आपण लॅपटॉपला दोष देतो. पण इथे टप्पे दोन असतात: लॅपटॉप ते राउटर आणि राउटर ते इंटरनेट. 'कनेक्टेड' हा शब्द फक्त पहिला टप्पा जुळल्याचं सांगतो. मी फोन घेऊन खाली राउटरजवळ गेलो. त्याच वायफायवर व्हिडिओ सुरळीत चालला. म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठीक होती. गडबड राउटर आणि वरच्या खोलीच्या मध्ये होती.

घर जुनं, भिंती चांगल्या जाड. राउटर लोखंडी कपाटामागे, त्यावर आत्यानं विणलेला रुमाल! लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडलेला. हा पट्टा वेगवान असतो, पण भिंतींपुढे लवकर दमतो. २.४ गिगाहर्ट्झचा वेग कमी, पण पोच जास्त. आम्ही २.४ चं नेटवर्क निवडलं आणि दुसरं 'फरगेट' केलं, नाहीतर लॅपटॉप जुन्या ओळखीनं पुन्हा तिकडेच गेला असता. राउटर कपाटामागून काढून जिन्याच्या तोंडाशी उंचावर ठेवला. रुमाल काढला, कारण त्यानं राउटर तापतो. आत्याला मायक्रोवेव्हही तासभर बंद ठेवायला सांगितलं, तो २.४ च्याच आसपास चालतो आणि सिग्नलमध्ये लुडबुड करतो.

काही राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात. तसं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन नावं वेगळी करून घ्या. तिथे असतानाच सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ आहे ना, तेही बघा आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदला. आणि मुलाखत, परीक्षा असं महत्त्वाचं काही असेल, तर सरळ लॅनची केबल लावा. तिला भिंतींची पर्वा नसते.

चाळीस मिनिटांची मुलाखत एकदाही न तुटता झाली. बहीण हसत खाली आली. आत्यानं रुमालाची घडी घातली आणि विचारलं, "आता तरी परत टाकू का रे?"