कर्ज पाण्यासाठी काढले, व्याज पुढे धावले



विहिरीसाठी सोसायटीचे कर्ज काढले आणि पाणी लागायच्या आधीच काम अडले, म्हणून हप्ता काही थांबत नाही. हे आपल्याला सांगायला नको. पण साऱ्या खोऱ्याचेच असे झाले तर? कृष्णा खोऱ्यात बरेचसे तसेच घडले, म्हणून या अंकात त्यावर लिहीत आहोत.

बच्छावत लवादाने कृष्णेचे ७५ टक्के भरवशाचे २०६० टीएमसी पाणी तीन राज्यांत वाटून दिले. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी आले. ३१ मे २००० नंतर या निवाड्याचा फेरविचार होऊ शकणार होता, तेव्हा त्याआधी आपले पाणी अडवले पाहिजे अशी घाई उडाली. तिजोरीत तेवढा पैसा कुठला? म्हणून १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ काढले आणि सरकारच्या हमीवर रोखे विकून पैसा उभा केला.

कर्ज काढले यात आम्हाला गैर दिसत नाही. सहकारी साखर कारखाने तरी नुसत्या भागभांडवलावर कुठे उभे राहिले? पण कारखाना एक उभारतात, त्याचे गाळप सुरू होते आणि मग हप्ते फिटतात. इथे धरणे, कालवे, उपसा योजना अशी कितीतरी कामे एकदमच काढली. पैसा सगळीकडे थोडाथोडा पसरला. कुठे धरण झाले तर कालवा नाही, कुठे कालवा झाला तर पोटचाऱ्या नाहीत. रोखा विकला त्या दिवसापासून व्याज सुरू, पाणीपट्टी मात्र पाणी शिवारात पोचल्यावर! आणि व्याजात जो रुपया गेला, तो पुढच्या कालव्याला मिळाला नाही. काम लांबले की खर्च वाढतो, खर्च वाढला की काम आणखी लांबते.

ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांकडे डोळे लावून बसलेल्या खानापूर, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांनी याची किंमत मोजली. २००३ च्या दुष्काळात माणदेशात जनावरे छावणीला होती. जिथे चाराच नाही तिथे ऊस कुठला आणि गाळप कसले?

पुढे २०१६-१७ मध्ये कृष्णा-कोयना उपसा (म्हणजे ताकारी-म्हैसाळ) ही योजना केंद्राच्या कृषी सिंचाई योजनेतील ९९ प्रकल्पांत आली आणि कामाला वेग आला. पाणी पोचले तिथे ऊस आणि द्राक्षे उभी राहिली. जमीन तीच, माणसे तीच, फक्त पाणी आले.

आता उसाच्या बिलातून पाणीपट्टी कापली की गट ऑफिसात कुरबुर होते. ती कपात पंपाच्या वीजबिलाला आणि देखभालीलाच पुरता पुरत नाही. रोख्यांच्या व्याजाचा बोजा राज्याच्या तिजोरीवर पडला, म्हणजे ज्याच्या शिवारात पाणी आले त्याने आणि ज्याच्या आले नाही त्यानेही तो करातून भरलाच आहे.