दोन पिशव्या, दोघी मैत्रिणी आणि काठमांडू

“पाठीला पिशवी अडकवून? शाळेतल्या पोरांसारखी?” मेथी निवडता निवडता सासूबाईंनी मान वर केली.

मैत्रिणींनो, त्यांचा प्रश्न रास्त होता. मी छत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई, सकाळच्या शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवणारी. आपल्याला प्रवास ठाऊक तो दोनच तऱ्हांचा. एक लग्नकार्याचा, दुसरा देवदर्शनाचा. दोन्हींत बॅगा आपण भरायच्या, उचलायच्या ह्यांनी किंवा हमालानं, आणि खिडकीची जागा मुलांना. या दिवाळीच्या सुट्टीत मात्र भाऊबीज उरकून मी निघाले ती स्वतःची पिशवी स्वतःच्या पाठीवर घेऊन. सोबतीला माझी कॉलेजातली मैत्रीण. “माझं नाव छापलंस तर बघ,” अशी तिची ताकीद आहे, म्हणून इथे तिला नुसती मैत्रीणच म्हणते.

तिची हकिगत थोडी सांगायला हवी. तिचे यजमान २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. ती स्वतः घरी तापानं पडलेली. दवाखान्यातून फोन आला आणि पुढचं सगळं परस्परच उरकलं. अंत्यदर्शन नाही की काही नाही. तेव्हापासून नोकरी, मुलगी, म्हातारे सासू-सासरे, सगळं ती एकटी ओढते आहे. रडताना तिला कुणी पाहिलं नाही. गेल्या गणपतीत मात्र एकदम म्हणाली, “कुठेतरी लांब जाऊन नुसतं चालत राहावंसं वाटतं गं, जिथे मला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी.” मी तेव्हाच मनाशी ठरवलं, हिला घेऊन जायचंच.

काठमांडू कसं ठरलं? कारणं अगदी घरगुती आहेत. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. आपला एक रुपया तिथे एक रुपया साठ पैसे होतो. गोरखपूरला जाणारी गाडी आमच्या जळगावावरून थेट जाते. आणि सगळ्यांत मोठा दिलासा म्हणजे नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात. परक्या गावात पाट्या वाचता आल्या की निम्मी भीती तिथेच पळते.

हे म्हणाले, “जा खुशाल, पण रोज रात्री फोन कर.” चिरंजीवांनी विचारलं, “मग डबा कोण करणार?” हा प्रश्न मात्र व्हिसाहून अवघड! दहा दिवसांचं वेळापत्रक लिहून फ्रिजवर चिकटवलं. भाजणी, मेतकूट, दोन प्रकारच्या चटण्या करून ठेवल्या. परत येऊन पाहते तर मेतकुटाची बरणी जशीच्या तशी. बापलेकांनी रोज रात्री खिचडीच खाल्ली होती, आणि कुणाचंही काही अडलं नव्हतं. ते पाहून बरंही वाटलं आणि जरासं वाईटही. तुम्हालाही वाटेल.

पिशवीत काय काय?

नियम एकच. भरलेली पिशवी पाठीवर घेऊन घराचे जिने तीनदा चढून-उतरून पाहायचे. दम लागला तर वस्तू कमी करायच्या. माझ्या पिशवीतून आधी चार साड्या निघाल्या, मग इस्त्री, आणि सरतेशेवटी डिंकाच्या लाडवांचा मोठा डबा. उरले ते तीन सुती पंजाबी ड्रेस, एक स्वेटर, कानटोपी, चादर, टॉवेल, औषधं, सुईदोरा, साबणाची वडी, दोन मीटर दोरी (कपडे वाळत घालायला हिच्यासारखं साधन नाही) आणि तीन दिवस टिकतील अशा दशम्या. एवढ्यात निभतं, आणि छान निभतं.

ओळखपत्राची गोष्ट नीट ध्यानात ठेवा. सोबत पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. आपलं आधार कार्ड मधल्या वयाच्या माणसांना नेपाळच्या प्रवासासाठी चालत नाही. मैत्रीण तेवढंच घेऊन निघाली होती. रिक्षा पुन्हा घराकडे वळवावी लागली आणि स्टेशनवर आम्ही अक्षरशः धावत पोचलो. पैशांत शंभराच्या नोटा जास्त ठेवाव्यात. मोठ्या नोटांचे नियम बदलत राहतात, तेव्हा निघण्यापूर्वी बँकेत विचारून घ्यावं.

चालत चालत परदेशात

गोरखपूरहून बसनं सोनौली. तिथे रस्त्यावर एक कमान आहे. तिच्याखालून पायी पलीकडे गेलं की नेपाळ! इतिहासाच्या तासाला सरहद्द म्हणून मी फळ्यावर जाडजूड रेघ ओढते. प्रत्यक्षात तिथे सायकलरिक्षा, कांद्याची पोती आणि पिशव्या सावरत जाणाऱ्या बायका होत्या. पलीकडे गेल्यावर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. “आयुष्यातली पंधरा मिनिटं गेली की गं,” मैत्रीण म्हणाली. मी म्हटलं, “येताना परत मिळतील.”

पुढे भैरहव्याहून काठमांडूची बस. दिवस अख्खा बसमध्ये जातो, पण त्रिशूली नदीच्या काठानं वळणावळणांचा रस्ता लागला की डोळ्यांना झोप येत नाही. शहर सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर, त्यामुळे नोव्हेंबरात संध्याकाळ झाली की हुडहुडी भरते. परदेशी प्रवासी बहुतेक ठमेल भागात उतरतात. आम्ही मात्र बौद्ध स्तूपाजवळ एका घरगुती लॉजमध्ये राहिलो. मालकीणबाई स्वतः गल्ल्यावर बसत. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. पहिल्या दिवसापासून आम्हाला ‘बहिनी’ म्हणू लागल्या. तिकडे मोठ्या बहिणीला ‘दिदी’ आणि धाकटीला ‘बहिनी’ म्हणतात. दुकानदार असो की बसचा कंडक्टर, बायकांना याच नात्यानं हाक मारायची रीत. दुकानाला ‘पसल’, चहाला ‘चिया’. पहिल्या रात्री जेवताना बाईंनी विचारलं, “मिठो छ?” मी म्हटलं, “नाही हो, मीठ अगदी बेताचं आहे.” त्या हिरमुसल्या. नंतर कळलं, ‘मिठो’ म्हणजे चविष्ट! त्यांचं मीठ म्हणजे ‘नुन’. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून मी तीनदा ‘मिठो, मिठो’ म्हटलं आणि तीनदा भात वाढून घेतला.

जेवण म्हणजे वरणभात, पालेभाजी आणि लोणचं. आपल्या घरचंच वाटावं असं. मोमो मात्र विचारून घ्यावेत, पुष्कळ ठिकाणी म्हशीच्या मांसाचे असतात. सेलरोटी जरूर खा. तांदूळ भिजवून वाटायचे, त्यात साखर आणि तूप घालून पीठ सरसरीत करायचं, आणि हातानं गोल कडं धरून गरम तेलात सोडायचं. मी घरी येऊन केली. पहिल्या चार कड्यांचे नकाशे झाले, पाचवं जमलं.

बागमतीच्या काठी

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पशुपतिनाथाला गेलो. इथले मुख्य पुजारी परंपरेनं दक्षिणेतून, कर्नाटकातून येतात. दर्शन घेऊन पूल ओलांडला आणि समोरच्या पायऱ्यांवर आरतीसाठी बसलो. देवळाच्या बाजूच्या काठावर घाट आहेत आणि तिथे चिता जळत असतात. मला हे वाचून ठाऊक होतं, पण इतक्या जवळून दिसेल असं वाटलं नव्हतं. एक देह उतरत्या शिळेवर ठेवला होता, पाय नदीच्या पाण्याकडे. घरची माणसं ओंजळीनं पाणी घालत होती. त्यांत बायकाही होत्या.

माझ्या पोटात धस्स झालं. मी मैत्रिणीचा हात धरला. “चल, उठू या. थंडी वाजते.”

“तू हो पुढे. मी बसते.”

आरती झाली, भजनं झाली, गर्दी पांगली, तरी ही हलेना. शेवटी मी चिडले. म्हटलं, “हे बघायला आणलं नव्हतं मी तुला!”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “आणलंस? मला कुणी आणलेलं नाही. मी आले आहे, माझ्या पैशानं आणि माझ्या पायांनी.”

मैत्रिणींनो, खोटं कशाला सांगू? मला ते फार लागलं. रात्री आम्ही एका खोलीत दोन भिंतींकडे तोंडं करून झोपलो. ह्यांना फोनवर सांगितलं, “सगळं छान चाललंय.”

सकाळी ती म्हणाली, “मी आज स्तूपापाशीच बसणार आहे. तू पाटण बघून ये.” छत्तिसाव्या वर्षी मी परक्या गावात पहिल्यांदा एकटी बाहेर पडले. गाडीवर पाटी होती ‘पाटन ढोका’. माझ्या छातीत धडधडलं. इथे कसला धोका? शेजारच्या मुलीनं हसून सांगितलं, ढोका म्हणजे दार. पाटणचं दार! त्या दारातून आत गेले आणि चार तास गल्ल्यांतून हिंडले. सतराव्या शतकातलं दगडी कृष्णमंदिर पाहिलं. त्यावर रामायण-महाभारताचे प्रसंग कोरलेले आहेत. वाट दोनदा चुकले, दोनदा विचारून सापडली. पण प्रत्येक चौकात ‘हे बघ गं’ म्हणायला मान वळायची आणि शेजारी कुणी नसायचं. तेव्हा लक्षात आलं. मी तिचं मन रमवायला निघाले होते, जसं रडणाऱ्या मुलाला खुळखुळा दाखवावा तसं. तिला काय हवं आहे, ते मी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी परतले. स्तूपाभोवती माणसं उजवी घालून प्रदक्षिणा करत होती. वर रंगवलेले दोन मोठे डोळे, आणि नाकाच्या जागी आपला देवनागरी ‘१’ असावा तसा आकार. ही तिथेच एका पायरीवर बसली होती. मी शेजारी टेकले. बऱ्याच वेळानं ती आपणहून बोलली.

“इतकी वर्षं एकच टोचत होतं गं. ह्यांना शेवटचं कुणी नीट पोचवलं असेल का? काल त्या घाटावरचा माणूस बघितलास? चितेवर ओलं गवत ठेवत होता, किती सावकाश! ना नात्याचा, ना गोत्याचा. आपल्याकडेही त्या दिवसांत असाच कुणी परका असेल. त्यानंही हात जोडले असतील. नाही का?”

मी “हो” म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही. मग दोघींनी मिळून एक दिवा लावला आणि तीन प्रदक्षिणा घातल्या.

पुन्हा उभी राहिलेली घरं

पुढचे दोन दिवस माझी यादी पिशवीतच राहिली. तिला वाटेल तिथे थांबायचं, मला वाटेल तिथे चहा. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात या खोऱ्यातली कितीतरी देवळं कोसळली. ज्यावरून शहराला नाव मिळालं ते लाकडी काष्ठमंडपही पडलं. गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन ते पुन्हा उभारलं, २०२२ मध्ये पुरं झालं. आत नवं लाकूड पिवळसर दिसतं, जुनं काळं. दोन्ही एकाच छताला खांदा देऊन उभी आहेत. भक्तपूरला न्यातपोल नावाचं पाच छपरांचं देऊळ आहे, १७०२ सालचं. १९३४ आणि २०१५, दोन्ही भूकंपांत ते तगलं. त्याच्या पायऱ्यांवर बसून आम्ही मातीच्या वाडग्यातलं ‘जुजु धौ’ खाल्लं. म्हशीच्या दुधाचं घट्ट गोड दही, नावाचा अर्थच दह्यांचा राजा. मैत्रिणीनं वाडगा धुऊन पिशवीत ठेवला. म्हणे लेकीला दाखवायचा. (या ठिकाणांचं तिकीट सार्क देशांच्या नागरिकांना कमी दरात मिळतं. ओळखपत्र दाखवायला विसरू नका.)

निघायच्या दिवशी पहाटे मालकीणबाई ताट घेऊन दारात उभ्या. प्रवासाला निघणाऱ्याला तिकडे टिका लावतात, दही-तांदूळ आणि लाल रंग कालवून. मला लावला आणि तिच्याकडे वळल्या. मैत्रीण एक पाऊल मागे सरली. बाईंना काही ठाऊक नव्हतं, हात पुढेच राहिला. आपल्याकडे २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांवरच्या असल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचला, माना डोलावल्या आणि पान उलटलं. हळदीकुंकवाच्या याद्या मात्र घरोघर त्याच राहिल्या. माझ्याही घरी.

क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग तिनं कपाळ पुढे केलं.

बसमध्ये मी तिच्याकडे बघत नव्हते आणि ती माझ्याकडे. तांदळाचे दाणे सुकून एकेक गळत होते, पण रंग राहिला. सोनौलीच्या कमानीखालून परत येताना तिनं घड्याळ मागे केलं. “घे तुझी पंधरा मिनिटं,” म्हणाली. कपाळ मात्र तिनं गोरखपूरच्या स्टेशनवर नळाखाली तोंड धुतलं तेव्हाच पुसलं गेलं.

तेव्हा मैत्रिणींनो, एखादी पिशवी काढा, जिने चढून पाहा आणि निघा. काठमांडूच हवं असं नाही. पण सोबत मैत्रीण असू द्या, आणि तिचं मन रमवायला जाऊ नका. नुसतं शेजारी बसता आलं तरी पुष्कळ.

आता संक्रांत जवळ आली. माझ्याकडे हळदीकुंकू आहे. यंदा यादी करायला बसले आणि पहिलं नाव तिचं लिहिलं. फोनही केला. येते की नाही, ते तिनं अजून सांगितलेलं नाही. सासूबाई पलीकडे बसून सगळं ऐकत होत्या. मी फोन ठेवला तेव्हा एवढंच म्हणाल्या, “तिळगूळ जरा जास्तीचा कर.”