कोरी जीन्स आटू नये म्हणून

कोरे कापड शिवण्याआधी पाण्यातून काढावे, हा आपल्या घरांतला जुना रिवाज. परकराचे कापड असो वा सदऱ्याचे, ते रात्रभर भिजवून वाळविल्यावरच शिंप्याकडे जात असे. आज बाजारात ‘रॉ डेनिम’ या नावाने मिळणाऱ्या महागड्या जीन्सला हाच नियम लागू पडतो. फरक इतकाच, की येथे कापड आधी शिवले जाते आणि पाणी त्याला नंतर लागते. पहिल्याच धुण्यात कंबर घट्ट होते, पाय घोट्याच्या वर चढतात आणि काही हजार रुपयांचा कपडा कपाटात पडून राहतो.

नेहमीची जीन्स कारखान्यातच धुऊन, मऊ करून विक्रीस येते. कोऱ्या डेनिमवर ही प्रक्रिया झालेली नसते. त्यात विणताना दिलेली खळ तशीच असते, म्हणून ते पुठ्ठ्यासारखे ताठ लागते. त्यातील उभे धागे निळीत रंगविलेले आणि आडवे धागे पांढरे असतात. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, पृष्ठभागावरच बसतो. त्यामुळे घर्षण होईल तेथे आतला पांढरा धागा उघडा पडतो आणि वापरणाऱ्याच्या उठण्याबसण्याप्रमाणे गुडघ्यांवर, खिशांवर फिकट खुणा उमटतात. शौकीन लोक कोरी जीन्स घेतात ते या खुणांसाठीच.

कापड आटते का?

सूत कातताना आणि विणताना धाग्यांवर सतत ताण असतो. पाणी लागताच कापसाचे तंतू फुगतात, धागे जाड होतात आणि एकमेकांना वळसा घालण्यासाठी त्यांना अधिक लांबी लागते. ती लांबी कापडातूनच घेतली जाते. ताण उभ्या धाग्यांवर जास्त असल्याने जीन्स रुंदीपेक्षा लांबीत अधिक आटते. गरम पाणी, यंत्रातील घुसळण आणि ड्रायरची उष्णता यांनी ही क्रिया आणखी वाढते.

यावर अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट यांनी उपाय शोधला. वाफेने ओलसर केलेले कापड यंत्रात लांबीच्या दिशेने दाबून आधीच आटवून घ्यायचे, ही त्यांची पद्धत ‘सॅनफोरायझेशन’ म्हणून ओळखली जाते. असे कापड पुढे साधारणतः एक ते तीन टक्के आटते. ही प्रक्रिया न झालेले डेनिम मात्र सात ते दहा टक्क्यांपर्यंत आटू शकते. बत्तीस इंच आतली लांबी आठ टक्के आटली, तर अडीच इंच कमी होतात. म्हणून विकत घेतानाच लेबल वाचावे वा दुकानदारास विचारावे. ‘अनसॅनफोराइज्ड’ असेल तर पाय कापून दुमडण्यापूर्वी जीन्स एकदा भिजवून वाळवणे अनिवार्य आहे. शिंपी नंतर कापड कापू शकतो, वाढवू शकत नाही.

धुण्याची रीत

प्रथम कंबर आणि आतली लांबी मोजून लिहून ठेवावी. बटणे लावून जीन्स उलटी करावी. बादलीत नळाचे थंड पाणी घेऊन त्यात थोडा सौम्य द्रव साबण विरघळवावा. ब्लीच वा पांढरेपणा वाढविणारी पावडर वापरू नये. जीन्स बुडवून अर्धा-पाऊण तास ठेवावी आणि हाताने हलकेच दाबावी. ब्रशने घासणे आणि दगडावर आपटणे दोन्ही वर्ज्य. पाणी निळे झाले म्हणून घाबरू नये. सुटा रंग निघतोच. दोन-तीनदा स्वच्छ पाण्यातून काढावी. व्हिनेगर वा मिठाने रंग पक्का होतो, ही समजूत निळीच्या बाबतीत फोल आहे.

जीन्स पिळू नये. जुन्या टॉवेलात गुंडाळून पाणी दाबून काढावे, ओली असतानाच शिवणींच्या बाजूने हाताने ओढून सरळ करावी आणि कमरेकडून सावलीत टांगावी. कडक ऊन रंग खाते, तर ड्रायर कापड आटवतो. वाळल्यावर कंबर किंचित घट्ट वाटली, तरी काही तास वापरल्यावर ती बरीच सैल होते. लांबी मात्र तशी परत येत नाही. पहिल्या काही धुण्यांपर्यंत जीन्स इतर कपड्यांपासून वेगळी ठेवावी, फिक्या रंगाच्या सोफ्यावरही बसणे टाळावे.

किती दिवसांनी धुवावी?

खुणा ठळक उमटाव्यात म्हणून कोरी जीन्स कित्येक महिने न धुण्याची प्रथा आहे. २०११ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात पंधरा महिने न धुता वापरलेल्या जीन्सची तपासणी झाली. ती धुऊन तेरा दिवस वापरल्यावर पुन्हा पाहिले, तर जिवाणूंचे प्रमाण जवळपास तेवढेच आढळले. परंतु तेथील थंड, कोरड्या हवेचा निष्कर्ष कोकण-गोव्याच्या दमट हवेला जसाच्या तसा लावता येत नाही. येथे घामाने ओलसर राहिलेल्या सुती कापडावर बुरशी चटकन धरते, तिचे काळे डाग सहसा जात नाहीत आणि तंतूही कुजतात. अंगाला घासणारी धूळ-माती शिवणी झिजवते, ती वेगळीच. जीन्स फ्रीजरमध्ये ठेवल्याने ती स्वच्छ होत नाही, बहुतेक जिवाणू थंडीत केवळ निपचित पडतात.

म्हणून आपल्याकडे वास येऊ लागला, डाग पडला वा कापड चिकट वाटू लागले की धुणेच योग्य. एरवी प्रत्येक वापरानंतर जीन्स पंख्याखाली टांगून वारा द्यावा. पावसाळ्यात धुणे पुढे ढकलता आले नाही, तर उघडीप पाहून सकाळीच धुवावी आणि खिशांचे अस्तर बाहेर काढून वाळवावी, कारण सर्वांत शेवटी तेच सुकते. पुरती कोरडी झाल्याशिवाय ती कपाटात ठेवू नये.