रिमोट डेस्कटॉपवरची फाईल आपल्या लॅपटॉपवर कशी आणायची?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी दिवाळीत गावी आलो होतो. प्रोजेक्टचा सगळा डेटा कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर होता. म्हटलं, रिमोट डेस्कटॉप आहे ना! घरूनच कनेक्ट केलं, जवळपास ३ जीबीची फाईल कॉपी केली, लॅपटॉपवर पेस्ट दाबलं आणि जेवायला गेलो. एररही आली नाही, म्हणजे काम झालं असं मी धरून चाललो. चार दिवसांनी लॅबचे कॉम्प्युटर फॉरमॅट झाले. मग फोल्डर उघडून बघतो तर फाईल आलेलीच नव्हती! पुढचे दोन आठवडे तेच रीडिंग परत घेत बसलो. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

आधी हे समजून घ्या

रिमोट डेस्कटॉपमध्ये तुमच्याकडे येतं ते फक्त समोरच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनचं चित्र. तुमच्याकडून जातात ते माऊसचे क्लिक आणि कीबोर्डची बटणं. फाईल तिथेच राहते. व्हिडिओ कॉलवर आईने केलेल्या पुरणपोळ्या दिसतात, पण ताटात येत नाहीत, तसंच हे. फाईल खरोखर आणायची तर वेगळा रस्ता उघडावा लागतो. विंडोजमध्ये असे तीन सोपे रस्ते आहेत.

१. कॉपी-पेस्ट (छोट्या फाईलसाठी)

कनेक्ट करण्याआधी रिमोट डेस्कटॉप कनेक्शनमध्ये 'शो ऑप्शन्स'वर क्लिक करा. 'लोकल रिसोर्सेस' टॅबमध्ये 'क्लिपबोर्ड'वर टिक हवी. मग तिकडे कंट्रोल-सी, इकडे कंट्रोल-व्ही.

माझी चूक नेमकी इथेच झाली. या पद्धतीने २ जीबीपेक्षा मोठी फाईल जात नाही आणि बऱ्याचदा एररसुद्धा दिसत नाही. त्यामुळे कॉपी-पेस्ट फक्त वर्ड, पीडीएफ, फोटो अशा छोट्या फाईलसाठी वापरा.

कधीकधी कॉपी-पेस्ट मध्येच बंद पडतं. अशा वेळी रिमोट कॉम्प्युटरवर टास्क मॅनेजर उघडा, 'आरडीपीक्लिप' नावाची प्रोसेस बंद करा आणि 'रन न्यू टास्क'मधून त्याच नावाने परत चालू करा. बहुतेक वेळा काम होतं.

२. ड्राईव्ह जोडणे (मोठ्या फाईलसाठी)

त्याच 'लोकल रिसोर्सेस' टॅबमध्ये खाली 'मोअर' बटण आहे. तिथे 'ड्राईव्ह्स' उघडा, तुमचा हवा तो ड्राईव्ह निवडा आणि मग कनेक्ट करा. आता रिमोट कॉम्प्युटरच्या 'धिस पीसी'मध्ये तुमचा ड्राईव्ह तुमच्या लॅपटॉपच्या नावासकट दिसेल. त्यात फाईल टाकली की ती थेट तुमच्याकडे येते. इथे २ जीबीची अडचण नाही.

एक काळजी घ्या. जोडलेला ड्राईव्ह त्या कॉम्प्युटरवरचे प्रोग्रामही वाचू शकतात. तिथे व्हायरस असेल तर तो तुमच्या फाईलपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून अख्खा सी ड्राईव्ह देऊ नका, रिकामा पेनड्राईव्ह लावून तोच द्या.

मोबाईलवरून कनेक्ट करत असाल तर मायक्रोसॉफ्टच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्येही कनेक्शनच्या सेटिंगमध्ये फोनचं स्टोरेज जोडण्याचा पर्याय आहे.

३. क्लाउड

रिमोट कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडून फाईल गूगल ड्राईव्हवर अपलोड करायची आणि आपल्याकडे डाउनलोड करायची. फायदा असा की अपलोड सुरू असताना सेशन तुटलं तरी तो कॉम्प्युटर आपलं काम करत राहतो, फक्त साइन आउट करू नका. आणि दुसऱ्याचा कॉम्प्युटर असेल तर काम झाल्यावर आपलं गूगल अकाउंट तिथून न विसरता काढा.

वेळ किती लागेल?

इंटरनेटचा स्पीड मेगाबिटमध्ये असतो, फाईल मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणजे १० एमबीपीएस स्पीडवर ३ जीबी फाईलला साधारण ४० मिनिटं लागतात. आणि इथे तिकडचा अपलोड स्पीडही बघावा लागतो, नुसता तुमचा डाउनलोड नाही. शेकडो छोट्या फाईल असतील तर आधी झिप करा, त्या एकेक पाठवण्यापेक्षा एक झिप लवकर येते.

शेवटची पायरी कधीच सोडू नका

दोन्हीकडे फाईलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा. बाइटमधला आकडा अगदी तोच हवा. मग फाईल आपल्या लॅपटॉपवर एकदा उघडून बघा. हे होईपर्यंत तिकडची मूळ फाईल डिलीट करायची नाही. मी ही दोन मिनिटं वाचवली आणि दोन आठवडे घालवले.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर यातले पर्याय बंद असतील तर ते मुद्दाम केलेलं असतं. पळवाट शोधू नका, आयटीवाल्यांना विचारा. आणि अनोळखी माणसाने फोन करून "हे रिमोट अ‍ॅप टाका" म्हटलं तर सरळ फोन ठेवा. जी वाट तुम्हाला फाईल आणून देते, त्याच वाटेने समोरचा तुमच्या फाईल घेऊन जाऊ शकतो.