कांदा दोन्हीकडे एकदमच संपतो

लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याकडे मी दिवाणजी आहे. लिलावात घेतलेला माल खळ्यावर येतो, बाया बसून प्रतवारी करतात, गोण्या भरल्या जातात. गाडी सुटली की कागदांचं काम माझं. बांगलादेशचा माल असेल तर गाडी पार पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलला जाते. सीमेपलीकडे बेनापोल, तिथे माल उतरून त्यांच्या ट्रकात चढतो.

लोकांना वाटतं, तिकडे कांदा पिकत नाही म्हणून ते आपला घेतात. तसं नाही. पबना, फरीदपूर, राजबाडी या जिल्ह्यांत कांदा रग्गड होतो. त्यांचं मुख्य पीक मार्च-एप्रिलात निघतं, आपला उन्हाळ कांदाही साधारण तेव्हाच. आपण तो चाळीत ठेवतो, ते बांबूच्या माचीवर. सप्टेंबरपर्यंत दोन्हीकडे घट झालेली असते, कोंब फुटतात, सड लागते. आपला लाल कांदा अजून शेतात आणि त्यांचा मुडीकाटा, म्हणजे लवकरचा कांदा, तर डिसेंबरात येणार. त्यांना गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच आपल्याकडे भाव चढलेला. बहुतेक भांडणं या दोन-तीन महिन्यांतलीच.

2019 ला पावसाने लाल कांद्याची वाट लावली आणि 29 सप्टेंबरला, रविवारी, आपल्या सरकारची निर्यातबंदी आली. त्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. उद्योजकांच्या सभेत त्या चक्क हिंदीत म्हणाल्या, की मी स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय. आधी कळवलं असतं तर दुसरीकडून सोय केली असती. सगळे हसले. ढाक्यात मात्र पुढे भाव किलोला 200 टकांच्या वर गेला आणि सरकारला कांदा विमानाने आणावा लागला. कांदा, विमानाने!

2020 ची गंमत आणखी कडू. बांगलादेश 2012 पासून इलिश मासा सहसा बाहेर जाऊ देत नाही. दुर्गापूजेसाठी खास परवानगी दिलेला इलिश 14 सप्टेंबरला पेट्रापोलला पोचला आणि त्याच दिवशी आपली बंदी निघाली. आमच्या गाड्या रांगेत, ताडपत्रीखाली माल तापलेला. ड्रायव्हर फोनवर म्हणायचा, "भाऊ, गोण्यांना पाणी सुटलंय, काय करू?" ढाक्याने लेखी नाराजी कळवली: बंदी घालायची तर आधी सांगायचं ठरलं होतं ना? अडकलेला काही माल नंतर सोडला, पण सडायचा तो सडलाच.

डिसेंबर 2023 ची बंदी मे 2024 पर्यंत चालली. मधे सहकारी निर्यात संस्थेमार्फत बांगलादेशला 50,000 टन देण्याची परवानगी निघाली. शेतकऱ्याच्या हाती काय पडलं ते विचारू नका.

ढाकाही काही साधू नाही. स्वतःच्या शेतकऱ्याचा हंगाम आला की तिथे आयात परवाने थांबतात. आपल्या संत्र्यावरचा कर त्यांनी असा वाढवत नेला की वरूड-मोर्शीचे बागायतदार भरडले गेले. तरी हंगामातली बंदी माणसाला अंदाजात धरता येते. रात्रीतून आलेली धरता येत नाही, आणि माझी तक्रार तेवढीच आहे. बंदी ज्याच्यासाठी घालतात त्या शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा स्वस्त मिळावा, कोण नाही म्हणतंय?

बांगलादेशने आपल्या बंदीच्या काळात इजिप्त, तुर्की, म्यानमार, चीन, पाकिस्तान, सगळीकडचा कांदा आणून पाहिला. तो त्यांच्या जिभेला रुचत नाही असं तिकडचे व्यापारी सांगतात. ते आम्हाला बरं वाटावं म्हणूनही असेल. मला जास्त धास्ती दुसऱ्याच गोष्टीची आहे. तिथल्या सरकारने बियाणं वाटून पावसाळी कांद्याची लागवड वाढवली, म्हणजे नेमकी आपल्या विक्रीच्या महिन्यांत काढणीला येणारी. वाण कुठला, तर एन-53. आपल्याच भागातला जुना खरीप वाण. तिथले शेतकरी त्याला नाशिक एन-53 म्हणूनच ओळखतात.

एप्रिल 2025 पासून आपलं कांद्यावरचं निर्यात शुल्कही उठलंय. पण बेनापोलचा दलाल आता फोनवर भाव नंतर विचारतो. आधी विचारतो, "बंद तो नहीं होगा ना?" मी आपला सांगतो, अजून तरी काही आलेलं नाही.